गोळी कशात घालून द्यायची

तासगावात माझं मेडिकल आहे. संध्याकाळी गर्दीच्या वेळी एखादा माणूस बाकीच्यांची औषधं होईपर्यंत बाजूला उभा राहतो आणि काउंटर मोकळा झाला की हळूच म्हणतो, "कुत्र्याला ताप आलाय ओ. एक तापाची गोळी द्या की."

ताप कसा बघितला, असं मी विचारतो. कानाला हात लावला, चटका बसतोय, हे ठरलेलं उत्तर. अहो, कुत्र्याचं अंग आपल्या हाताला गरम लागणारच. त्याचं निरोगी तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ज्या आकड्याला आपण अंथरूण धरतो, त्या आकड्यावर ते शेपूट हलवत गल्लीभर फिरतं. खरा ताप बघायचा तर थर्मामीटर शेपटीखालून आत घालावा लागतो, काखेत धरून काही कळत नाही. हे सांगितलं की समोरचा जरा वरमतो, पण गोळी मागायचं सोडत नाही.

गोळी मी देत नाही. पॅरासिटामॉल आपल्या घरात चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते म्हणून ती निरुपद्रवी वाटते. कुत्र्याच्या पोटात जास्त गेली तर यकृताला मारते, रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटकच बिघडवते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. मांजराला तर एक गोळी जीव घ्यायला पुरते. अंगदुखीवर सर्रास खपतात त्या ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळ्या याहून वाईट, कारण त्यात दोन्ही आहेत. ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. "थोडीशी, अर्धी करून देतो" हा हिशोब इथे चालत नाही. उदाहरणार्थ मेलॉक्सिकॅम. हे वेदनाशामक पशुवैद्य कुत्र्यांना देतात. पण दहा किलोच्या कुत्र्याला पहिला दिवस सोडला तर त्याचा रोजचा डोस साधारण १ मिलिग्रॅम, आणि माझ्या कपाटातली माणसाची गोळी १५ मिलिग्रॅमची. अर्धी केली तरी साडेसातपट.

आणि कुत्रं आधीच खाजेसाठी स्टेरॉइडवर असेल, तर त्यावर दुखण्याची कुठलीही गोळी घरच्या घरी चढवायची नाही. दोन्ही मिळून पोटाला भोक पाडू शकतात.

उलटंही असतं. आमच्याकडे एका लॅब्रेडोरची चिठ्ठी आली होती, थायरॉइडची. वजन तीस किलो, गोळी ६०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. मोठ्या माणसाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागते. दुकानातला पोरगा म्हणाला, शून्य जास्त पडलंय वाटतं, ६० असेल. मी डॉक्टरांना फोन लावला. आकडा बरोबर होता. कुत्र्याचं शरीर ते संप्रेरक फार भराभर वापरून टाकतं, म्हणून त्याला किलोमागे आपल्या कितीतरी पट द्यावं लागतं. तेव्हा माणसाच्या डोसवरून कुत्र्याचा डोस ना खाली काढता येतो, ना वर. केमिस्टलाही नाही.

मग हे सगळं लिहायचा मला अधिकार काय? डोस सांगायचा नाहीच. पण चिठ्ठी झाली, औषध घेतलं, घरी आलं, यापुढे जे काही घडतं ते डॉक्टरांच्या नजरेआड घडतं. तिथे काय बिघडतं हे मला काउंटरवर ऐकू येतं आणि घरी चांदणीमुळे बघायला मिळतं.

चांदणी आमची कारवानी जातीची कुत्री. लांब तोंड, बारीक कंबर, मळ्यात सोडली की क्षणात दिसेनाशी. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या रानात मेंढरं बसली होती, त्यानंतर तिच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरले. मेंढरांवर खापर फोडणं सोपं, पण कुत्र्यांचा तपकिरी गोचीड बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो. भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालून बसतो. चांदणी खाईना, हिरड्या पांढरट पडल्या, आणि एका सकाळी नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली. गोचीड ताप. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं, २८ दिवस. तिचं वजन वीस किलो म्हणून शंभरची गोळी सकाळ-संध्याकाळ. हा तिचा डोस, तुमच्या कुत्र्याचा नव्हे. वजन बेदाण्याच्या शेडमधल्या काट्यावर केलं होतं : आधी मी तिला उचलून उभा राहिलो, मग एकटा, आणि वजाबाकी. अंदाजानं वजन सांगितलं की कारवानी कुत्रं नेहमी जड सांगितलं जातं, उंचीला फसतात माणसं.

डॉक्सिसायक्लिन हे नखरेल औषध आहे. माणसांना देतानाही मी सांगतो, भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. मांजरांत यानं अन्ननलिका आकसल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत, कुत्र्यांतही धोका आहेच. म्हणजे कोरडी गोळी घशात ढकलून "गिळली बाई एकदाची" म्हणत उठायचं नाही. मागून पाणी किंवा दोन घास पोटात गेलेच पाहिजेत. उपाशीपोटी दिली तर ओकारी होते, ती वेगळीच.

दुसरा नखरा दुधाचा. कॅल्शियमबरोबर हे औषध बांधलं जातं आणि अंगी कमी लागतं. इथे आमच्या घरात खरा तंटा सुरू झाला, कारण आईच्या मते आजारी कुत्र्याचं अन्न म्हणजे दहीभात. "जीव सुकलाय तिचा, दोन घास दहीभात घालू दे की, त्यातच जाईल गोळी," असं ती रोज म्हणायची. मुभा दिली, पण गोळीच्या आधी-नंतर दोन तास सोडून. गोळी द्यायला पनीर, पेढा, दूधभात बंद. रक्तवाढीचं लोहाचं सिरप होतं तेही दुपारी, गोळीपासून लांब. जठरावर लेप देणारं पांढरं पातळ औषध असेल तर त्यालाही हाच नियम. चिठ्ठीवर चार औषधं असली की लोक चारही एकदम कालवून देतात, तेव्हा कोणतं कशाबरोबर चालतं हे डॉक्टरांना किंवा आमच्यासारख्याला विचारून घ्यावं. ॲसिडिटीचं पँटोप्राझोल जेवणाच्या अर्धा तास आधी रिकाम्या पोटी, डॉक्सिसायक्लिन जेवणाबरोबर. हे उलटं झालं तर पहिल्याचा गुण कमी येतो आणि दुसऱ्यानं ओकारी होते.

भूक असलेल्या कुत्र्याला गोळी खाऊ घालायची युक्ती माझ्या बायकोनं बसवली. उकडलेल्या कलेजीचे तीन तुकडे करायचे. पहिला नुसता. दुसऱ्यात गोळी. तिसरा हातात, तिला दिसेल असा धरलेला. दुसरा तोंडात पडता पडता तिसरा पुढे करायचा. तिसऱ्याच्या घाईत ती दुसरा चावत बसत नाही. चपातीत गुंडाळलेली गोळी मात्र हमखास फरशीवर मिळते, चपाती चघळावी लागते ना. उकडलेल्या अंड्याचा बलक, शिळ्या भाकरीचा तुपात मळलेला गोळा, मऊ गुळाचा सुपारीएवढा खडा, हे सगळं चालतं. जुलाब-उलट्या सुरू असतील तर तूप-लोणी नको. आणि पूर्ण जेवणात गोळी टाकून ताट पुढे सरकवायचं नाही. अर्धं ताट उरलं तर किती औषध गेलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मटणाच्या रश्श्यात बुडवून देणारे फार आहेत आमच्याकडे. तांबडा असो की पांढरा, त्यात कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. गोचीड तापानं आधीच रक्त उतरलेल्या कुत्र्याला तर अजिबात नको. चॉकलेट नको हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

तासगावकरांना मला मुद्दाम सांगायचंय ते बेदाण्याविषयी. गोळी दाबून बसवायला मऊ, गोड, चिकट, घरोघरी पोत्यानं पडलेला. गोळी लपवायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, आणि याच्याइतकं वाईटही नाही. द्राक्ष आणि बेदाणा खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बंद पडतात. आधी ओकारी, मग सुस्ती, मग लघवी कमी होत जाते. कारण कोणालाच नीट कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. त्यांना धागा मिळाला तो द्राक्षातून नव्हे. एका कुत्र्यानं मुलांना खेळायला घरी मळलेला पिठाचा गोळा खाल्ला होता, त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार, घातलेला, आणि त्याची लक्षणं थेट बेदाणा खाल्ल्याची. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे आंबटगोड आमटीही त्याच यादीत.

"आमची कुत्री शेडमध्ये सांडलेला बेदाणा खातात, काही होत नाही," हे मला आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. खोटं बोलत नाहीत ते. आम्लाचं प्रमाण द्राक्षाच्या वाणावर, पिकण्यावर बदलतं, आणि कोणतं कुत्रं झेपवेल कोणतं नाही हे आधी ओळखता येत नाही. पण ताप असलेल्या, न खाणाऱ्या, पाणी कमी झालेल्या कुत्र्यावर हा प्रयोग कशाला? गूळ आहे की घरात.

चांदणीचं पहिल्या आठवड्यात खाणंच बंद होतं, त्यामुळे कलेजीही चालेना. तेव्हा हातानं घशात. हे काम बायकोचंच, माझी बोटं जाड. ती चांदणीच्या शेजारी बसते, समोर नाही. समोरून गेलं की कुत्रं मागे सरकतं. डावा हात वरून नाकाडावर, अंगठा आणि बोटं सुळ्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत. तोंड थोडंसं वर. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं खालचा जबडा पुढच्या दातांपाशी खाली दाबायचा आणि अंगठा-तर्जनीत धरलेली गोळी जिभेच्या उंचवट्यापलीकडे, मधोमध ठेवायची. बाजूला पडली तर दाढेखाली येणार आणि थुंकली जाणार. मग तोंड मिटून नाक सरळ रेषेत आणायचं, वर धरून ठेवायचं नाही, आणि गळ्यावरून हात फिरवायचा. तिनं जिभेनं नाक चाटलं की गिळलं. गोळीला चिमूटभर तूप लावलं तर सरकन जाते. त्यानंतर सिरिंजनं पाच मिली पाणी. लांब तोंडाच्या कारवानीला हे सोपं जातं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला नाक दाबलं तर श्वासच अडतो, तिथे डॉक्टरांकडून हात बघून घ्यावा.

कडू गोळी फुटली तर तोंडाला फेस येतो, बदाबदा लाळ गळते. मेट्रोनिडाझोलला तर हमखास. लोक घाबरून फोन करतात, विष झालं म्हणून. बहुतेकदा तो चवीचा फेस असतो, पाणी पाजलं की जातो. कडू गोळी कुटायचीच नाही ती याचसाठी. कॅप्सूल फोडायची नाही आणि आतड्यात विरघळण्यासाठी कवच घातलेली गोळी मोडायची नाही. अर्धी गोळी लिहिली असेल तर आमच्याकडे गोळी कापायचा डबा मिळतो, विळीवर कापू नका.

पातळ औषधाची गोष्ट वेगळी. आमच्याकडे गुरांना औषध पाजायची सवय पिढ्यान् पिढ्यांची : मान वर, बाटली तोंडात, घटाघट. त्याच हातानं कुत्र्यालाही पाजतात. पण मान आभाळाकडे केली की औषध श्वासनलिकेत उतरायला वाट मोकळी. गुरांतही असं पाजताना फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, हे गुरांच्या दवाखान्यात विचारा. कुत्र्याची मान सरळ ठेवायची, सुई काढलेली सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून गाल आणि दात यांच्या खिशात घालायची आणि मिली-मिलीनं सोडायचं, प्रत्येक वेळी गिळू द्यायचं. ठसका लागला की थांबायचं. नंतर एक-दोन दिवसांत खोकला, भरभर श्वास, ताप दिसला तर डॉक्टरांना "पाजताना ठसका लागला होता" हे आठवणीनं सांगायचं. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात थेंबही घालायचा नाही. सिरपच्या बाटलीवर शुगर-फ्री लिहिलेलं असेल तर आत साखरेऐवजी घातलेला झायलिटॉल आहे का ते वाचा. माणसाला तो निरुपद्रवी, कुत्र्याची रक्तातली साखर मात्र तासाभरात कोसळवतो.

आता एक गोष्ट अशी की ज्यात मी आवाज चढवतो. "कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय, गिळता येईना, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, एखादं ढिलं करायचं औषध द्या." तोंडात हात घालू नका. हाड असेलही, पण ही लक्षणं रेबीजचीही आहेत. पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं चावत सुटत नाही, काही नुसती गप्प कोपऱ्यात बसतात. लस न दिलेलं किंवा रस्त्यावरचं कुत्रं असेल तर त्याला कोंडून ठेवून पशुवैद्यांना बोलवा. लाळ ओरखड्याला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल तर लगेच वाहत्या पाण्यानं धुवायचं, जखम असेल तर साबण लावून पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. हळद-चुना लावत बसायचं नाही.

डोळ्याचं थोडक्यात. घरात उरलेली थेंबांची बाटली वापरू नका. तिच्यात स्टेरॉइड असेल आणि कुत्र्याच्या बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा जाऊ शकतो. थेंब मागून, डोक्यावरून हात आणून टाकायचे. दोन प्रकारचे असतील तर मध्ये पाच मिनिटं, आणि मलम शेवटी. कानाचे थेंब मुठीत धरून कोमट करायचे, टाकल्यावर कानाचं मूळ चोळायचं, चुपुकचुपुक आवाज येईपर्यंत. मग बाजूला व्हायचं, कारण ते डोकं झाडणार आणि भिंत रंगणार.

चांदणी दहाव्या-बाराव्या दिवशीच उड्या मारायला लागली. घरातले सगळे म्हणाले, आता पुरे. पुरे नव्हतं. त्या जंतूला रक्तातून काढायला पूर्ण २८ दिवस लागतात म्हणून तो आकडा आहे. बायकोनं कालनिर्णयावर खुणा केल्या आणि संपेपर्यंत कलेजीचा खर्च माझ्या नावावर टाकला. शेवटी पुन्हा रक्त तपासलं, प्लेटलेट वर आल्या होत्या. फिटची किंवा स्टेरॉइडची औषधं तर "बरं दिसतंय" म्हणून एकाएकी बंद करणं आणखी धोक्याचं. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

राहता राहिलं ते कुत्र्यानं आपणहून खाल्लेलं औषध. अंगणात वाळत घातलेल्या शर्टाच्या खिशातली स्ट्रिप, आजीच्या उशीखालचं पाकीट. आपल्याकडे घरोघरी असलेली ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी म्हणजे दीड मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला तेवढी एकच काळजी करायला लावणारी आहे, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर जातं. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून ओकवायचा उपाय लोक करतात. मिठानंच कुत्री मेली आहेत. ओकवायचं की नाही हे खाल्लेलं काय आणि किती वेळ झाला यावर ठरतं, आणि ते पशुवैद्यांनी ठरवायचं.

रात्री शटर अर्धं खाली आलेलं असताना लोक येतात आणि उतारा मागतात. उतारा माझ्याकडे नसतो. फाडलेलं पाकीट मात्र बरोबर आणा, चघळलेलं, चिखलातलं, कसंही असो. त्यावरची मिलिग्रॅम वाचून, किती गोळ्या गेल्या ते मोजून डॉक्टरांना फोनवर सांगायचं काम मी करतो. त्याचे पैसे घेत नाही.